अक्षरे खरोखर नाचतात का?

शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात अध्ययन अक्षमतेचा विषय निघाला, की 'तारे जमीन पर'चे नाव निघतेच. २१ डिसेंबर २००७ रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शन आमीर खान यांचे, कथा-पटकथा अमोल गुप्ते यांची. इतक्या वर्षांनंतरही डिस्लेक्सिया म्हणजे काय हे समजावून सांगण्यासाठी बऱ्याच ठिकाणी हाच चित्रपट दाखवला जातो. एखाद्या करमणुकीच्या चित्रपटाला पाठ्यपुस्तकाचा मान मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे. म्हणूनच त्याच्याकडे पाठ्यपुस्तक म्हणूनही एकदा पाहायला हवे. त्यात सांगितलेले कितपत बरोबर आहे? आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या मराठी शाळेतील शिक्षकाला ते कितपत उपयोगी पडेल?

आमचे मत आधीच सांगून टाकतो. या चित्रपटाने शिक्षकाला मुलाकडे कसे पाहावे हे शिकवले. मुलात काय पाहावे हे मात्र चुकीचे शिकवले. पहिल्या गोष्टीबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे. दुसऱ्या गोष्टीची किंमत वर्गातली मुले मोजतात, म्हणून तिची चर्चा केली पाहिजे.

चित्रपटाची जमेची बाजू

इशान अवस्थी हा मुंबईतला आठ-नऊ वर्षांचा मुलगा तिसरीत नापास होऊन पुन्हा तिसरीतच बसला आहे. त्याला वाचता येत नाही. शाळा त्याला आळशी म्हणते, वडील उनाड म्हणतात, आणि शेवटी त्याची रवानगी पाचगणीच्या निवासी शाळेत होते. तेथे निकुंभ नावाचे चित्रकलेचे शिक्षक त्याच्या वह्या चाळतात आणि चुकांमागची शिस्त ओळखतात.

या चित्रपटातला सर्वांत मोलाचा प्रसंग आमच्या मते निकुंभ आणि वडील यांच्या भेटीचा आहे. निकुंभ वडिलांच्या हातात परक्या लिपीतला मजकूर छापलेला खेळण्याचा खोका देतात आणि तो वाचायला सांगतात. वडिलांना अर्थातच वाचता येत नाही. मग त्यांच्यावरच उद्धटपणाचा आणि दुर्लक्षाचा आरोप होतो. जे येतच नाही ते 'करत नाही' असे म्हणणे किती अन्यायाचे आहे, हे या दोन मिनिटांत कळते. कोणत्याही व्याख्यानाने हे इतके सहज साधले नसते.

महाराष्ट्रात या प्रश्नाची जाणीव चित्रपटाच्या आधीपासून होती. १९९६ साली राज्य शासनाने अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्यास मान्यता दिली आणि त्याच वर्षी मुंबईत 'महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन'ची स्थापना झाली. पण ही जाणीव बव्हंशी मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांपुरती होती. 'डिस्लेक्सिया' हा शब्द घराघरांत पोहोचवला तो चित्रपटाने.

डोळ्यांचा दोष की आवाजाचा?

आता उण्या बाजूकडे वळू. चित्रपटात इशान पुस्तक उघडतो तेव्हा पानावरची अक्षरे हलू लागतात, कोळ्यासारखी इकडेतिकडे पळतात. वहीत त्याची अक्षरे उलटी पडलेली दिसतात. इंग्रजी 'बी'चा 'डी' होतो. प्रेक्षकाच्या मनावर हेच चित्र कायमचे कोरले जाते. परिणाम असा, की डिस्लेक्सिया म्हटले की 'अक्षरे उलटी दिसण्याचा आजार' हे समीकरण पक्के होते.

ही समजूत चित्रपटाने शोधलेली नाही. ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १८९६ साली इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, गणितात बरा, पण वाचन जवळजवळ शून्य. स्वतःचे नाव 'पर्सी' ऐवजी 'प्रेसी' असे लिहून बसे. शिक्षण केवळ तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. मॉर्गन यांनी या अवस्थेला जन्मजात 'शब्दांधत्व' म्हटले. पुढे १९२५ च्या सुमारास अमेरिकेतील सॅम्युएल ऑर्टन यांनी अक्षरांच्या उलटापालटीवर भर दिला. दोघांच्याही मते दोष पाहण्याच्या यंत्रणेत होता.

१९७० नंतर ही बाजू ढासळू लागली. इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या चुकांची मोजदाद केली, तेव्हा उलटापालटीच्या चुका थोड्याच निघाल्या. मोठा वाटा स्वर-व्यंजने चुकीची वाचण्याचा होता. १९७९ साली फ्रँक व्हेल्युटिनो यांनी तोवरच्या पुराव्याची छाननी करून दाखवले, की अशी बहुतेक मुले आकृती नीट पाहतात. त्या आकृतीला आवाज जोडताना ती अडखळतात.

मग अक्षरे उलटी का पडतात? याचे उत्तर मेंदूच्या जुन्या सवयीत आहे. ज्ञानगंगा अभयारण्यातला बिबट्या डावीकडे तोंड करून उभा असो की उजवीकडे, तो बिबट्याच. निसर्गात वस्तूची बाजू बदलल्याने वस्तू बदलत नाही. म्हणून आपला मेंदू आरशातल्या प्रतिमेला मूळ प्रतिमेसारखेच ओळखतो. लिपीत मात्र हा नियम मोडावा लागतो. आपल्या ३ आणि ६ या आकड्यांचेच पाहा. दोघे एकमेकांकडे पाठ करून बसतात, म्हणूनच तर 'छत्तीसचा आकडा' हा वाक्प्रचार आला. पहिलीतली कितीतरी मुले ३ च्या जागी ६ काढतात. त्यात आजार नाही. मेंदू जुनी सवय मोडायला शिकत असतो. बहुतेकांची ही चूक सात-आठ वर्षांपर्यंत आपोआप नाहीशी होते. वाचन मागे पडलेल्या मुलात ती जास्त दिवस टिकते, कारण त्याचा अक्षरांचा सराव कमी झालेला असतो. म्हणजे उलटे अक्षर हे बहुधा वाचन न येण्याचा परिणाम आहे, कारण नव्हे.

वाचताना मेंदूत काय घडते?

माणूस बोलू लागला त्याला हजारो पिढ्या झाल्या. लेखन जेमतेम पाच हजार वर्षांचे आहे. एवढ्या थोड्या काळात वाचनासाठी मेंदूत वेगळे केंद्र उत्क्रांत होणे शक्य नाही. मग वाचणारा मेंदू काय करतो? दुसऱ्या कामांसाठी असलेले भाग तो एकमेकांना जोडून घेतो.

यात तीन भाग महत्त्वाचे आहेत आणि तिन्ही प्रामुख्याने डाव्या गोलार्धात आहेत. पहिला, मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूचा. तो एरवी चेहरे आणि वस्तू ओळखण्याच्या शेजारचा प्रदेश. वाचायला शिकल्यावर तो अक्षरे आणि शब्द एका दृष्टिक्षेपात ओळखू लागतो. दुसरा, कानाच्या वरच्या बाजूचा. तेथे आकृतीची आवाजाशी सांगड घातली जाते. तिसरा, कपाळामागचा, उच्चाराशी संबंधित. फ्रेंच शास्त्रज्ञ स्टानिस्लास देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधील साक्षर व निरक्षर प्रौढांच्या मेंदूंची तुलना केली. साक्षरांत पहिला भाग लेखनाला जोरदार प्रतिसाद देत होता. लहानपणी शाळा न पाहता मोठेपणी साक्षर झालेल्यांतही हा बदल झालेला होता.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांत डाव्या गोलार्धातील ही मागची जोडणी नीट बसत नाही. शब्द ऐकू येतो, समजतो, बोलताही येतो. पण तो सुट्या आवाजांत फोडून अक्षराला चिकटवणे अवघड जाते. याला ध्वनिभानाची उणीव म्हणतात. ती बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत डिस्लेक्सिया असल्याचे सांगणाऱ्या ५० हजारांहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि जनुकसंचातील ४२ जागा त्याच्याशी निगडित आढळल्या. म्हणजे कोणतेही एकच 'वाचनाचे जनुक' नाही. आई-वडिलांच्या लाडाने किंवा माराने डिस्लेक्सिया होत नाही, हे चित्रपटाचे म्हणणे मात्र येथे पूर्णपणे बरोबर ठरते.

मराठी शाळेत तो कसा दिसेल?

चित्रपटातला मुलगा मुख्यतः इंग्रजी वाचताना अडतो. इंग्रजीत एका अक्षराचे अनेक उच्चार असतात, म्हणून चुका ढळढळीत दिसतात. इटालियनसारख्या, लिहिल्याप्रमाणे उच्चारल्या जाणाऱ्या भाषेत काय होते? २००१ मध्ये एराल्डो पाउलेसू यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या डिस्लेक्सिक प्रौढांची तुलना केली. इटालियन गट अधिक बिनचूक वाचत होता. पण मेंदूच्या डाव्या बाजूतील क्रिया तिन्ही गटांत सारखीच मंद होती. दोष एक, रूपे वेगळी. सोप्या लिपीत चूक कमी दिसते, वेग मात्र कमी राहतो.

देवनागरी या बाबतीत बरीचशी इटालियनच्या बाजूची. 'चार' आणि 'चाक' यांतला 'च' वेगळा असे अपवाद आहेत, पण थोडे. म्हणून मराठी माध्यमातला डिस्लेक्सिक मुलगा कदाचित एकही अक्षर उलटे काढणार नाही. तो चौथीतही एकेक अक्षर लावत, बोट ठेवून, हळू वाचेल. ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरेल. धडा पाठ करून वाचल्याचा भास निर्माण करील. जो शिक्षक चित्रपट पाहून उलटी अक्षरे शोधत बसला आहे, त्याच्या हातून हा मुलगा निसटेल. आमचा या चित्रपटावरचा मुख्य आक्षेप हाच.

देवनागरीच्या स्वतःच्या अडचणीही आहेत, त्यांचा चित्रपटात मागमूस नाही. 'कि' मधली वेलांटी आधी दिसते, उच्चार नंतर होतो. 'सूर्य' मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, उच्चार मात्र आधीचा. 'र' तर 'र्क', 'क्र', 'ट्र', 'ऱ्य' अशी रूपे बदलतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यात फरक एखाद्या वळणाचा. सोनाली नाग यांनी बंगळूर परिसरात कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसले, की अशा लिप्यांत सगळी अक्षरे आणि जोडाक्षरे पक्की व्हायला चौथी-पाचवी उजाडते. कन्नड आणि मराठी लिपी दिसायला वेगळ्या असल्या, तरी रचना एकाच जातीची आहे. तेव्हा दुसरी-तिसरीतला मुलगा जोडाक्षराला अडला, एवढ्यावरून घाबरायचे कारण नाही.

शाया, पानी आणि सातपुड्याचा पायथा

बुलढाणा जिल्ह्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. घरी वऱ्हाडी बोलणारा मुलगा 'शाळा'ला 'शाया', 'डोळा'ला 'डोया' आणि 'पाणी'ला 'पानी' म्हणतो. पुस्तकात 'शाळा' पाहून त्याने 'शाया' वाचले, तर त्याने शब्द अचूक ओळखला आहे! अक्षराला त्याने आपल्या घरचा आवाज दिला, इतकेच. ही बोलीची खूण आहे, मेंदूतल्या दोषाची नव्हे. तिला वाचनाची चूक म्हणून लाल शाईने खोडणारा शिक्षक मुलाच्या मनात, आपल्याला वाचता येत नाही, अशी खोटी भीती घालतो.

जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तर प्रश्न अधिक गहन आहे. तेथे निहाली ही भाषा बोलणारे दोन-अडीच हजार लोक राहतात. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते अजून निर्विवादपणे जोडता आलेले नाही; १९६२ साली कुइपर या डच विद्वानाने तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले ते याच कुतूहलातून. निहाली किंवा कोरकू बोलणाऱ्या घरातले मूल पहिलीत येते, तेव्हा अक्षरही नवे असते आणि शब्दही. त्याने अक्षरे लावून 'अंगण' वाचले तरी तो आवाज त्याच्या मनातल्या कोणत्याच शब्दाशी जुळत नाही. येथे मेंदूची जोडणी शाबूत आहे. जोडायला समोर ओळखीचा शब्द नाही. या मुलाला डिस्लेक्सियाचे लेबल लावणे म्हणजे शाळेची उणीव मुलाच्या मेंदूवर ढकलणे होय. आई-वडिलांबरोबर मजुरीसाठी चार-चार महिने परगावी जाणाऱ्या मुलाबद्दलही हेच म्हणावे लागेल.

डिस्लेक्सियाचे प्रमाण साधारणपणे ५ ते १० टक्के धरतात. चाळीस मुलांच्या वर्गात दोन ते चार. वर्गातली पंधरा मुले वाचू शकत नसतील, तर त्यांतल्या बहुतेकांना डिस्लेक्सिया नाही. त्यांना वाचायला शिकवले गेलेले नाही. 'तारे जमीन पर'मध्ये वर्गात एकच मुलगा मागे आहे, त्यामुळे हा फरक करण्याची वेळच निकुंभ सरांवर येत नाही. आपल्या शिक्षकावर ती रोज येते.

उपचार किती दिवसांचा?

चित्रपटात निकुंभ इशानला वाळूत अक्षरे गिरवायला लावतात, मातीची अक्षरे करून घेतात, रंगवून घेतात. हे सगळे एका गाण्याच्या अवधीत उरकते आणि मुलगा वाचू लागतो. चित्रपटाला वेळेचे बंधन असते हे मान्य. पण शिक्षकाचा जो अपेक्षाभंग होतो, तो या घाईमुळे. पंधरा दिवस वाळूत अक्षरे गिरवून फरक पडला नाही की तो म्हणतो, या मुलाचे काही होणार नाही.

अमेरिकेत सॅली शेविट्झ यांच्या गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना रोज सुमारे ५० मिनिटे, आठ महिने, एकेकट्याने शिकवले होते. भर होता शब्दाचे आवाज सुटे करण्यावर आणि अक्षर-आवाजाची जोडी बसवण्यावर. मुलांचे वाचन सुधारले आणि डाव्या गोलार्धातल्या वाचनाच्या भागांची क्रियाही वाढली. वाळू आणि माती यांनी मुलाचा उत्साह टिकतो, हे खरे. पण गिरवताना त्या अक्षराचा आवाज मोठ्याने म्हटला जात नसेल, तर ती नुसती हस्तकला होते.

उशीर झाला म्हणून निराश होण्याचेही कारण नाही. उत्तर प्रदेशात लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून त्यांच्या मेंदूंच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रतिमा घेण्यात आल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात मेंदूच्या खोल भागांतील दृष्टीशी संबंधित केंद्रांचे बाह्यस्तराशी असलेले संधान बदललेले आढळले. मेंदू तिशीतही शिकतो, तर चौथीतल्या मुलाची काय कथा!

थोरांची यादी आणि चित्रांची स्पर्धा

निकुंभ वर्गात आइन्स्टाइन, लिओनार्दो दा विंची, एडिसन अशी नावे सांगतात. या सर्वांना म्हणे वाचनाची अडचण होती. मृत व्यक्तींचे असे निदान करता येत नाही. आइन्स्टाइन तर शाळकरी वयातच विज्ञानाची आणि तत्त्वज्ञानाची पुस्तके आवडीने वाचत होता. उद्देश धीर देण्याचा असला, तरी विज्ञानाच्या नावाने दंतकथा सांगणे आम्हांला पटत नाही.

शेवटी इशान चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो आणि टाळ्या पडतात. येथे चित्रपट सर्वांत गोड होतो आणि आमच्या दृष्टीने सर्वांत घसरतोही. इशानला चित्रे काढता आली नसती, तर? डिस्लेक्सियाच्या बदल्यात निसर्ग एखादी कला देतो, असा पुरावा नाही. २०११ मध्ये हिरोको तानाका आणि फुमिको हॉफ्ट यांच्या गटाने दाखवले, की वाचनात मागे असलेली मुले बुद्ध्यंकात वरची असोत की खालची, वाचनाशी निगडित मेंदूतला फरक सारखाच असतो. म्हणजे मदतीचा हक्क 'हुशार पण वाचता न येणाऱ्या' मुलापुरता ठेवण्याला आधार नाही. शिवाय इशानला बूट बांधता येत नाहीत, चेंडू झेलता येत नाही, त्याचे लक्ष उडते. या वेगळ्या अडचणी आहेत. त्या डिस्लेक्सियाच्या सोबतीने येऊ शकतात, पण त्यांच्यावरून डिस्लेक्सिया ओळखता येत नाही.

मग चित्रपट दाखवावा का?

जरूर दाखवावा, आणि दिवा लागल्यावर चर्चा करावी. त्यानंतर शिक्षकाने वर्गात तीन गोष्टी करून पाहाव्यात. एक, मुलाकडून एक मिनिट अनोळखी उतारा वाचून घ्यावा आणि किती शब्द झाले ते लिहून ठेवावे, महिन्याने पुन्हा. दोन, 'टमूक', 'झिरपू' असे अर्थ नसलेले शब्द वाचायला द्यावेत; ते पाठ असण्याची शक्यताच नसते. तीन, पुस्तक बाजूला ठेवून आवाजांचा खेळ खेळावा: 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरते? 'मीना'च्या 'म'ऐवजी 'ट' आला तर? हे सारे मुलाच्या घरच्या बोलीतल्या शब्दांवरही करावे. शिकवूनही, हजेरी असूनही, घरच्या भाषेतले शब्द घेऊनही जो मुलगा तिन्हींत मागे राहतो, त्याच्याबद्दल पालकांशी आणि तज्ज्ञांशी बोलावे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाची चाचणी तयार केली. ती हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे, आणि तिच्यात पहिली-दुसरी व तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांनी भरायच्या पडताळासूचीही आहेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २१ प्रकारांत झालेला आहे, त्यामुळे परीक्षेतील सवलत आता उपकार राहिलेली नाही.

सवलतीच्या कागदाने मात्र वाचता येत नाही. निकुंभ सरांनी मुलाच्या वहीत चुकांमागची शिस्त शोधली, हे त्यांचे खरे मोठेपण. ते आपण उचलावे. फक्त ही शिस्त शोधताना डोळ्यांबरोबर कानही उघडे ठेवावेत. मुलगा अक्षर कसे काढतो हे पाहून झाल्यावर, तो ते कोणत्या आवाजात आणि किती वेळाने वाचतो, हे शांतपणे ऐकावे.